जस्ताच्या ओतीव मुठी दीड वर्षात भेगाळल्या : शिशाचा अंश कारणीभूत असू शकतो का?

छोटी_ओतशाळा (प्रश्न)

नमस्कार. माझी लहानशी ओतशाळा आहे. गेली तीन वर्षे आम्ही कपाटांच्या मुठी, छोट्या कुलुपांची घरे आणि पडद्याच्या दांड्यांची टोके जस्ताच्या मिश्रधातूत, हॉट चेंबर डायकास्टिंगच्या यंत्रावर (ज्यात पंप वितळलेल्या धातूतच बुडालेला असतो आणि धातू दाबाने साच्यात भरतो) ओततो. धातू झामाक ३ या जातीचा विकत घेतो. मात्र खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्यात आमचे रनर (साच्याकडे जाणाऱ्या वाटांत गोठलेला धातू), नापास झालेले भाग आणि बाहेरून घेतलेले जस्ताचे भंगारही वितळवतो. ओतल्यावर माल अगदी नीट दिसतो आणि मुलामाही स्वच्छ बसतो.

दीड वर्ष दमट गोदामात पडून राहिलेली मुठींची एक पेटी गेल्या महिन्यात उघडली, तेव्हा मात्र धक्काच बसला. मुठींच्या पाठीमागे, जिथे मुलामा पातळ असतो तिथे, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. ९६ मिलिमीटर लांबीची मूठ कॅलिपरने मोजली, तर ती जवळपास अर्ध्या मिलिमीटरने वाढलेली निघाली. एक मूठ दोन्ही हातांत धरून जरा वाकवली, तर ती बिस्किटासारखी तुटली. आतला भाग काळपट, निस्तेज आणि पदर सुटल्यासारखा होता. ताज्या ओतलेल्या मुठीला हातोडा मारावा लागतो, इतका फरक या दोन तुकड्यांत आहे.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ज्या बिडाच्या भांड्यात आम्ही भंगार वितळवतो, त्यात पूर्वी शिशाची वजने ओतली जात असत. भांडे खरवडून घेतले होते, पण तेवढे पुरेसे होते की नाही ते सांगता येत नाही. शिवाय भंगारातल्या काही तुकड्यांवर डाग दिलेले, म्हणजे कथील-शिशाने जोडलेले सांधे होते, आणि ते कापून न टाकता तसेच भांड्यात गेले. एका जुन्या कारागिराने तर शिसे थोडे मिसळले की धातू साच्यात चांगला पळतो, असे सांगितले होते.

माझ्या शंका अशा. हा दोष शिशामुळेच आला का? तसे असेल, तर शिसे जस्तापेक्षा बरेच जड असल्यामुळे वितळलेला धातू काही तास शांत ठेवून तळाशी बसलेले शिसे वेगळे काढता येईल का? आणि जस्त व शिसे हे दोन्ही कमी तापमानाला वितळणारे धातू असूनही त्यांचे एकमेकांशी इतके का जमत नाही?

धातुशास्त्र_अध्यापक

तुमचे वर्णन वाचून माझ्या मनात फारशी शंका उरत नाही. याला आंतरकणीय क्षरण म्हणतात, म्हणजे धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून आत शिरणारा गंज. या व्यवसायात तो झिंक पेस्ट या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ ओतीव खेळण्यांची आणि रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींची अशीच माती झालेली आहे. झामाक हे नावच जर्मन भाषेतल्या जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे या धातूंच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. हे मिश्रधातू १९२० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले, आणि हा रोग आटोक्यात आला तो ९९.९९ टक्के शुद्धतेचे जस्त कारखान्यांना मिळू लागल्यावर.

झामाक ३ मध्ये सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते, मॅग्नेशियम ०.०४ टक्क्याच्या आसपास असते आणि उरलेले जवळपास सगळे जस्त. ओतलेल्या भागात शिशाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के, कॅडमियमची ०.००४ टक्के आणि कथिलाची ०.००३ टक्के धरतात. हे आकडे कागदावर नुसते लहान वाटतात, म्हणून ते वजनात मांडून पाहा. तुमच्या भांड्यात १०० किलो धातू असेल, तर त्यात फार तर ५ ग्रॅम शिसे आणि ३ ग्रॅम कथील चालेल. डाग देण्याच्या नेहमीच्या मिश्रधातूत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते. त्याचा १५ ग्रॅमचा, करंगळीच्या टोकाएवढा तुकडा त्या भांड्यात पडला, तर साडेपाच ग्रॅम शिसे आणि साडेनऊ ग्रॅम कथील आत जाते. एका तुकड्याने दोन्ही मर्यादा ओलांडल्या, आणि कथिलाची तर तिपटीने.

आता हे घडते कसे ते पाहू. शिसे घन जस्तात जवळजवळ विरघळतच नाही. धातू गोठताना आधी जस्ताचे कण घट्ट होतात आणि शिसे उरलेल्या द्रवात ढकलले जात राहते. सर्वांत शेवटी गोठणारा द्रव कणांच्या मधल्या फटींत असतो, म्हणून शिसेही तिथेच अडकते. ॲल्युमिनियमने समृद्ध असलेला भागही त्याच परिसरात असतो. हवेतल्या ओलाव्याचा पातळ थर पृष्ठभागावर आला की शिसे, कथील किंवा कॅडमियम यांच्या सान्निध्यात तिथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि गंज कणसीमांच्या वाटेने आत सरकतो. गंजातून तयार होणारे पदार्थ मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतात, त्यामुळे पाचर ठोकल्यासारखे कण एकमेकांपासून दूर लोटले जातात. तुमची मूठ अर्ध्या मिलिमीटरने वाढली ती यामुळेच. उष्णता आणि दमटपणा जितका अधिक, तितका हा वेग अधिक. कोरड्या जागी तोच माल पुष्कळ वर्षे टिकलेला दिसतो आणि त्यामुळे माणसाची फसगत होते.

तुमच्या कारागिराच्या सल्ल्यामागे कदाचित एक खरी गोष्ट असावी. पोलादावर जस्त चढवण्याच्या, म्हणजे गॅल्व्हनायझिंगच्या कढईत पूर्वापार सुमारे एक टक्का शिसे असलेले जस्त वापरले जात आले आहे. त्याने वितळलेल्या जस्ताचा पृष्ठताण कमी होतो, जादा जस्त वस्तूवरून सहज निथळते आणि पृष्ठभागावर ती ओळखीची मोठी फुलेही उमटतात. कोरड्या विद्युतघटाच्या जस्ती डब्यातही शिसे मुद्दाम घालत असत. पण त्या जस्तात ४ टक्के ॲल्युमिनियम नसते. शिसे, ॲल्युमिनियम आणि ओलावा हे तिन्ही एकत्र आले की घात होतो. एका कामातला अनुभव दुसऱ्या कामात जसाच्या तसा नेल्यामुळे असे नुकसान होताना मी अनेकदा पाहिले आहे.

शिसे तळाशी बसवून वेगळे करण्याबद्दल सांगायचे, तर तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. शिशाची घनता ११.३ आणि जस्ताची ७.१, त्यामुळे जे शिसे विरघळलेले नसते ते खरोखरच खाली बसते. गॅल्व्हनायझिंगच्या कढईच्या तळाशी शिशाचा थर साचतो तो असाच. पण ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास द्रव जस्त जवळपास एक टक्का शिसे आपल्यात विरघळवून ठेवते. तुम्हाला ते ०.००५ टक्क्यापर्यंत खाली आणायचे आहे. म्हणजे कितीही वेळ भांडे शांत ठेवले, तरी उरणारे शिसे मर्यादेच्या दोनशे पट असू शकते. ॲल्युमिनियममुळे हा आकडा थोडा बदलेल, निष्कर्ष बदलणार नाही. जस्तातून शिसे खऱ्या अर्थाने काढायचे, तर ऊर्ध्वपातन करावे लागते. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि शिसे १७४९ अंशांना, त्यामुळे वाफ करून ते वेगळे होतात. परंतु ते धातुशुद्धी कारखान्याचे काम आहे, ओतशाळेचे नव्हे.

या दोघांचे जमत नाही ही गोष्ट उपयोगातही आणलेली आहे, आणि मला ती फार आवडते. १८५० मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी शिशातून चांदी काढण्याची पद्धत शोधली. वितळलेल्या शिशात थोडे जस्त ढवळून मिसळतात. चांदीला शिशापेक्षा जस्त कितीतरी अधिक जवळचे वाटते, त्यामुळे ती जस्ताकडे जाते; थंड होताना जस्ताची साय शिशावर तरंगते आणि ती चांदीसकट काढून घेता येते. तुमच्या मुठी ज्या वैरामुळे फुटल्या, त्याच वैरावर ही पद्धत उभी आहे.

साचा_आणि_दाब

मी डायकास्टिंगच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून वरच्या उत्तराला कामाच्या बाजूची जोड देतो.

सर्वांत आधी एक खात्री करून घ्या. मुलाम्याखाली फोड येणे आणि झिंक पेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओतताना आत हवा कोंडली गेली, तर मुलाम्याच्या गरम द्रावणात किंवा त्यानंतर लवकरच गोल, गुळगुळीत फोड उठतात; फोड कापून पाहिला तर खालचा धातू चमकदार आणि निकोप असतो. तुमच्याकडे लांबी वाढलेली आहे, भेगा आहेत आणि तुटलेला भाग काळपट आहे, तेव्हा हा फोडांचा प्रकार नाही. तरीही मुलामा न केलेले त्याच काळातले दोन-चार भाग सापडले तर तेही तपासा. त्यांनाही भेगा असतील तर मुलाम्याच्या कामगाराला विनाकारण दोष देण्याची वेळ येणार नाही.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियमची. शिशाबद्दल सगळे बोलतात, पण भंगार पुन्हा पुन्हा वितळवल्याने होणाऱ्या मॅग्नेशियमच्या घटीकडे लक्ष जात नाही. हे ०.०४ टक्के मॅग्नेशियमच कणसीमांवरच्या गंजाला आवर घालत असते. मोठी ज्वाला लावून, मळी (वितळलेल्या धातूवर साचणारा जळका थर) ढवळत राहून धातू वितळवला, की मॅग्नेशियम जळून मळीत जाते. म्हणजे एका बाजूने शत्रू वाढवला आणि दुसऱ्या बाजूने पहारेकरी कमी केला, असे होते. मात्र हाताने मॅग्नेशियमचा तुकडा टाकून ही तूट भरू नका. ते प्रमाणापेक्षा जास्त झाले, तर धातूचा वाहतेपणा कमी होतो आणि गोठताना गरम भेगा पडतात.

तापमानाबद्दल आग्रहाने सांगतो. झामाक ३ साधारण ३८१ ते ३८७ अंशांच्या दरम्यान वितळतो, आणि यंत्राच्या भांड्यात ४१० ते ४२५ अंश पुरेसे असतात. ४५० च्या वर कधीही जाऊ देऊ नका. या मिश्रधातूतले ॲल्युमिनियम लोखंडी भांड्याला आणि बुडालेल्या पंपाला जस्ताच्या माऱ्यापासून वाचवते; म्हणूनच जस्ताला हॉट चेंबर यंत्र चालते आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना चालत नाही. पण तापमान चढले की लोखंड विरघळू लागते, ॲल्युमिनियमशी संयोग पावून त्याचे कठीण कण तयार होतात आणि ते वर तरंगतात. आमच्याकडे एका पावसाळ्यात तापमापकाची तार बिघडली होती आणि ते आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नाही. नंतर पॉलिशच्या चाकावर प्रत्येक मुठीवर एक बारीक ठिपका आणि त्यामागे धूमकेतूच्या शेपटीसारखी रेघ दिसू लागली. ठिपका म्हणजे तो कठीण कण होता, आणि चाकाने त्याच्याभोवतीचा मऊ धातू खरवडून नेला होता. दोन पाळ्यांचा माल पुन्हा वितळवावा लागला.

आपल्याच यंत्रावरचे रनर परत वापरायला हरकत नाही, फक्त ते एका वेळच्या भरणीच्या निम्म्याहून अधिक नसावेत आणि त्यांवर तेल, ओलावा किंवा मुलामा नसावा. मुलामा केलेले नापास भाग वेगळ्या पेटीत जावेत, कारण तांबे, निकेल आणि क्रोमियम यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. ओलसर तुकडा वितळलेल्या धातूत बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. हा धोका कोणत्याही धातूला लागू आहे, तरीही तो विसरला जातो.

झामाक ५ मध्ये सुमारे १ टक्का तांबे असल्याने तो अधिक मजबूत आणि कठीण असतो. झामाक ३ चे ताणबल साधारण २८० मेगापास्कल असेल, तर याचे ३३० च्या आसपास असते. कुलुपाच्या घरासाठी तो विचारात घ्या. पण अशुद्धींच्या मर्यादा त्यालाही त्याच आहेत, तेव्हा जात बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

छोटी_ओतशाळा

दोघांचेही मनापासून आभार. मी तुटलेल्या मुठीचा आणि सध्याच्या भांड्यातल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घेतला. मुठीत शिसे ०.०२१ टक्के, कथील ०.००९ टक्के आणि मॅग्नेशियम ०.०११ टक्के निघाले. भांड्यातल्या धातूत शिसे ०.०१४ टक्के आहे. मुलामा न केलेले तीन भागही सापडले आणि तिन्ही भेगाळलेले आहेत. सांगितले तसेच निघाले.

भंगार बाहेरून घेणे आजपासून बंद केले आहे. मात्र आमच्याकडे शिशाच्या वजनांचे कामही अधूनमधून येते, आणि बॅटरीच्या जुन्या जाळ्यांचे (पट्ट्यांच्या आतल्या शिशाच्या सांगाड्यांचे) शिसे स्वस्तात मिळू शकते. शिशाच्या बाबतीतही असे काटेकोर नियम असतात का, की तिथे थोडीफार भेसळ चालून जाते?

जाळी_ओतणारा

बॅटरीच्या जाळ्या ओतणे हेच माझे काम आहे. वजनासाठी शिसे वापरायचे असेल, तर रासायनिक शुद्धतेची फारशी चिंता नाही. पण शिसे म्हणजे काहीही चालणारा धातू आहे, ही समजूत बरोबर नाही.

शुद्ध शिसे ३२७.५ अंशांना वितळते. निरपेक्ष मापाने पाहिले तर आपल्या खोलीचे तापमान त्याच्या वितळबिंदूच्या जवळपास निम्म्यावर येते, म्हणून लोखंडाला जे भट्टीत होते ते शिशाला टेबलावर ठेवल्या ठेवल्या होत असते. ते ठोकून कठीण करता येत नाही, कारण त्याचे कण पुन्हा नव्याने घडतात. आणि छपरावरचा शिशाचा पत्रा वर्षानुवर्षे स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली ओघळतो. अशा धातूची एक-दीड मिलिमीटर जाडीची जाळी बनवायची, तर त्याला कोणाचा तरी आधार लागतो.

पूर्वी तो आधार अँटिमनीचा असे. अँटिमनी ११ टक्क्यांच्या आसपास असेल, तर मिश्रधातू २५२ अंशांनाच वितळतो, साच्यात सुरेख भरतो आणि कठीण होतो. पण वापरताना हे अँटिमनी धन पट्टीवरून सुटून ऋण पट्टीवर जाऊन बसते, तिथे हायड्रोजन लवकर सुटू लागतो आणि बॅटरीतले पाणी कमी होत जाते. वारंवार पाणी घालावे लागणाऱ्या जुन्या बॅटऱ्यांचे हे एक मोठे कारण होते. त्यामुळे आधी अँटिमनी दीड ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले आणि देखभाल न लागणाऱ्या बॅटऱ्यांसाठी कॅल्शियमकडे वळावे लागले.

कॅल्शियमचे प्रमाण किती, तर ०.०४ ते ०.१ टक्के. तुमच्या १०० किलोच्या हिशेबात हे ४० ते १०० ग्रॅम होतात. एवढ्याशा कॅल्शियमने जाळी ओतल्यानंतर काही दिवसांत, खोलीच्या तापमानाला नुसती ठेवून, कठीण होते, कारण शिसे आणि कॅल्शियम यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण आतल्या आत वेगळे होत जातात. सकाळी साच्यातून निघालेली जाळी हातात लवते; तीच आठवड्यानंतर ताठ राहते. सोबत थोडे कथील घालतात, आणि कॅल्शियम हवेत जळून जाऊ नये म्हणून ०.०२ टक्क्याच्या आसपास ॲल्युमिनियमही घालतात. ते वितळलेल्या धातूवर पातळ पडदा धरते. तुमच्या जस्तात ५ ग्रॅम शिशाने घर मोडले. आमच्या शिशात काही ग्रॅम ॲल्युमिनियम घर राखते.

म्हणून बॅटरीच्या जुन्या जाळ्या घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यात अँटिमनीच्या आणि कॅल्शियमच्या जाळ्या मिसळलेल्या असतात. एकत्र वितळवल्यावर अँटिमनी आणि कॅल्शियम एकमेकांशी संयोग पावून मळीत जातात, म्हणजे दोन्हींचा उपयोग नाहीसा होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की त्या मळीला पाणी किंवा दमट हवा लागली तर स्टिबीन हा अत्यंत विषारी वायू सुटू शकतो, आणि आर्सेनिक असेल तर आर्सीनही. आमच्याकडे या दोन मळ्यांची पिंपे वेगवेगळ्या छपरांखाली, झाकण लावून ठेवतात, ती याच कारणासाठी. शिवाय जुन्या जाळ्यांना चिकटलेल्या लेपात शिशाची ऑक्साइडे आणि आम्ल असते. शिशाच्या वाफेपेक्षा ही बारीक धूळ बहुतेक वेळा अधिक घातक ठरते, कारण ती हाताला, कपड्यांना आणि त्यावाटे घरच्या मुलांपर्यंत पोचते. शिशाचे काम करायचेच असेल, तर हवा ओढून घेणारा पंखा, कामाचे वेगळे कपडे, जेवणाआधी हात-तोंड धुणे आणि ठरावीक काळाने रक्तातल्या शिशाची तपासणी, यांत तडजोड करू नये.

खरे म्हणजे वजनांसाठीही शिशाची जागा अनेक ठिकाणी जस्ताने आणि पोलादाने घेतली आहे; गाड्यांच्या चाकांच्या तोलाची वजने हे त्याचे ठळक उदाहरण. तुमच्याकडे जस्ताचे यंत्र आहेच.

धातुशास्त्र_अध्यापक

अहवालातले आकडे पाहिले. शिसे मर्यादेच्या चौपट, कथील तिप्पट आणि मॅग्नेशियम गरजेच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर आहे. यापैकी कोणतीही एक गोष्ट चिंतेची ठरली असती. इथे तिन्ही एकत्र आल्या आहेत.

भांड्यातला सगळा धातू बाहेर काढून पाटे ओता, प्रत्येक पाटावर रंगाची खूण करा आणि शिसेमिश्रित जस्त म्हणूनच तो धातुशुद्धीसाठी विका. शुद्ध धातू घालून तो सौम्य करण्याचा मोह होईल. ०.०१४ टक्के शिसे ०.००४ वर आणायचे, तर अगदी निखळ जस्त धरले तरी प्रत्येक किलोला अडीच किलो नवा धातू लागेल, आणि एक चूक झाली की तो सगळाच हातचा जाईल. गॅल्व्हनायझिंगच्या कढईलाही तो देता येणार नाही, कारण त्यात ॲल्युमिनियम फार आहे. जुने बिडाचे भांडे कितीही घासले तरी त्याच्या छिद्रांत आणि तड्यांत शिसे राहते. ते शिशाच्या कामासाठी वेगळे ठेवा किंवा मोडीत काढा. पळ्या आणि मळी काढायचे झारेही त्याच्यासोबतच जातील.

नव्या भांड्यातून पहिला माल निघाला, की पाच-सहा मुठी मुलामा न करता बाजूला काढा, त्यांची लांबी मोजून लिहून ठेवा आणि ९५ अंशांच्या दमट वाफेत दहा दिवस ठेवा. त्यानंतर त्या पुन्हा मोजा आणि एक तोडून आतला भाग पाहा. गोदामातल्या दीड वर्षात जे दिसले, ते या दहा दिवसांत दिसते. माल ग्राहकाकडे पाठवण्याआधी हे दहा दिवस थांबावे, अशी माझी विनंती आहे.